पंगत मोडली, प्रपंच राहिला

पंक्तिप्रपंच हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. परंतु ज्याने लग्नाच्या पंगतीत पानावर बसून वाढप्याची वाट पाहिली आहे, त्याला त्याचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. तुपाचे भांडे घेऊन वाढपी येतो. व्याह्यांच्या भातावर धार धरतो, गावच्या सावकाराच्या भातावर धार धरतो, आणि टोकाला बसलेल्या दूरच्या आप्ताच्या भातावर दोन थेंब शिंपडून पुढे सरकतो. भात तोच, वरण तेच, चूलही तीच. पोट दोघांचेही भरते. तरी तो आप्त घरी गेल्यावर जेवणाविषयी बोलत नाही, तुपाविषयी बोलतो. आणि वीस वर्षांनंतरही बोलतो.

भारी हॉटेलात गेलो, भरपूर पैसे मोजले, पण कोणी नीट विचारपूस केली नाही, ही तक्रार अलीकडे सर्रास ऐकू येते. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना ती प्रथमदर्शनी भरल्या पोटाची वाटते. जिथे दोन वेळची भाकर हा प्रश्न आहे, तिथे मेजावरच्या रुमालाची घडी कशी होती याची चर्चा कोणी करावी? परंतु ही तक्रार पंक्तिप्रपंचाच्याच कुळातली आहे, आणि त्या कुळाचा इतिहास पाहिला म्हणजे ती हसण्यावारी नेण्याजोगी राहत नाही. वाढणारा कोणाकडे पाहतो आणि कोणाला ओलांडून जातो, या एका गोष्टीवरून माणसांनी अपमान गिळले आहेत, प्रायश्चित्ते घेतली आहेत आणि काही वेळा जीवही गमावले आहेत.

हॉटेल ही वस्तू आपल्याकडे आली ती पंगत मोडण्यासाठी. पंगतीत माणूस बसतो तो नात्याने, जातीने, मानपानाने. कोणी कोणाच्या शेजारी बसावे, कोणी कोणाच्या हातचे खावे, हे आधी ठरलेले असते. आमच्या मराठवाड्यातल्या पैठणच्या एकनाथांविषयी अशी कथा सांगतात, की श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी ब्राह्मणांच्या आधी भुकेल्या अस्पृश्यांना वाढला. ही कथा लोकांनी चारशे वर्षे जपली, यावरूनच वाढण्याचा क्रम बदलणे ही केवढी गोष्ट समजली जात होती ते कळते.

युरोपातही फार निराळे नव्हते. प्रवासी सराईत उतरला, की ठरल्या वेळी, एकाच लांब मेजावर, समोर येईल ते त्याने खायचे. ज्याचा हात लांब त्याला चांगला तुकडा. १७६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये नवी दुकाने निघाली. अशक्त माणसाला ताकद देणारे मांसाचे सार तिथे मिळे आणि त्या सारालाच ‘रेस्तोराँ’ म्हणत. शब्द पुढे पदार्थावरून दुकानाला चिकटला. या दुकानांनी तीन नव्या गोष्टी केल्या. गिऱ्हाइकाला स्वतंत्र मेज दिले, त्याला हव्या त्या वेळी जेवण दिले, आणि पदार्थांची किमतीसह यादी त्याच्या हाती ठेवली. या तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व आपल्या ध्यानात येत नाही. किंमत कागदावर लिहिली गेली, म्हणजे ती उमरावाला एक आणि शिंप्याला एक अशी राहिली नाही. ज्याच्या खिशात तेवढे दाम, त्याच्यासमोर ते ताट. ज्याचा खिसा रिकामा तो अर्थातच बाहेर राहिला. पण खिसा भरलेल्याला कूळ विचारायचे कारण उरले नाही.

आपल्याकडे ही कल्पना आली आणि दारातच अडखळली. शहरांत नोकरी-शिक्षणासाठी माणसे गोळा झाली तशा खानावळी निघाल्या. पण पाटीवर पदार्थांच्या आधी जात असे. ब्राह्मणांची खानावळ, मराठ्यांची खानावळ, अशा पाट्या शहरोशहरी होत्या. पैसे घेऊन जेवण विकायचे, पण पंगत मात्र घरचीच ठेवायची, असा तो मामला होता.

त्या काळी साध्या चहाच्या पेल्याने केवढे वादळ उठे याचा दाखला पुण्याचा आहे. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हातात घेऊन ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी पुढे हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचा घोळ वर्षानुवर्षे चालला. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले म्हणून सुधारक रागावले. टिळकांना सनातन्यांशी वाद घालावा लागला. गंमत अशी, की त्या दिवशी मिशनऱ्यांच्या सरबराईत काही उणे असल्याची तक्रार कोणी केली नाही. तक्रार होती ती वाढणाऱ्या हाताविषयी.

पुण्यात हा वाद धुमसत होता त्याच दशकात मुंबईत दुसरे चित्र दिसत होते. काळ्या घोड्याजवळ वॉटसनचे एस्प्लनेड हॉटेल होते. ओतीव लोखंडाचा त्याचा सांगाडा विलायतेत तयार होऊन जहाजाने आला होता. ते हॉटेल युरोपियनांसाठी होते. १८९६च्या ७ जुलैला ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा मुंबईतला पहिला खेळ याच हॉटेलात झाला, म्हणून त्याचे नाव आपण ऐकतो. पण त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन मुंबईस येऊन उतरला, आणि हॉटेलातल्या पहिल्याच तासाची जी हकिकत त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहिली, ती मला अधिक मोलाची वाटते.

सामान घेऊन चौदाएक नोकरांची मिरवणूक त्याच्या खोलीत आली. एकाच्या हातात कोट, एकाच्या हातात छत्री, एकाच्या हातात पुस्तक, आणि शेवटच्याच्या हातात नुसता पंखा. प्रत्येक जण पैसा घेऊन नमस्कार करून गेला. इथवर मौज आहे. मग सज्जाच्या काचेच्या दारापाशी एक नोकर गुडघे टेकून काही काम करू लागला. बरोबरच्या धिप्पाड जर्मन कारभाऱ्याला ते काम पसंत पडले नाही. काय चुकले हे न सांगता त्याने आधी नोकराच्या जबड्यावर फटका लगावला आणि मग चूक दाखवली. नोकर काही बोलला नाही. चेहऱ्यावर रागही दिसला नाही. ट्वेनला एकदम आपले बालपण आठवले. ज्या मुलखात तो वाढला तिथे गुलामगिरी होती. त्याचे वडील एरवी सौम्य स्वभावाचे गृहस्थ, पण घरच्या गुलाम पोराला बारीकसारीक चुकीसाठी तेही चापट मारीत. आणि दहा वर्षांच्या वयात ट्वेनने असेही पाहिले होते, की एका माणसाने आपल्या गुलामाला काम जरा वेडेवाकडे केले एवढ्याच कारणावरून लोखंडाच्या धोंड्याने मारले, आणि तो गुलाम तासाभरात मेला.

सेवेतला दोष आणि त्याची शिक्षा यांचा हिशेब जिथे एकाच बाजूच्या हातात असतो, तिथे तो हिशेब कुठपर्यंत जातो, हे या हकिकतीवरून कळते. पाहुणा नाराज होऊ नये म्हणून कारभारी मारतो. पाहुण्याला मात्र हे ठाऊकही नसते. आपण ज्याला उत्तम सेवा म्हणतो तिच्या मागच्या बाजूला काय चालते, हे ट्वेनला योगायोगाने दिसले, कारण ते दार त्याच्याच खोलीचे होते.

या वॉटसन हॉटेलाविषयी आणखी एक कथा घरोघरी सांगितली जाते. जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या रागातून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले. पुष्कळ अभ्यासक ही कथा मानीत नाहीत. मुंबईला जगाच्या तोडीचे हॉटेल असावे ही जमशेटजींची दृष्टी एवढ्या एका रागातून उपजली असे मानणे म्हणजे त्या मोठ्या माणसाला लहान करणे आहे. पण कथा मरत नाही, कारण ऐकणाऱ्याला ती हवी असते. ताज १९०३च्या १६ डिसेंबरला उघडले. अमेरिकन पंखे, जर्मन लिफ्ट, तुर्की स्नानगृहे, आणि देखरेखीला इंग्रज बटलर. हिंदी माणसाला मानाने बसता यावे असे हॉटेल हिंदी माणसाने बांधले, ही अभिमानाची गोष्ट खरीच. तरीही मान कसा द्यावा याचा धडा देण्यासाठी साहेबच आणावा लागला, हेही त्याबरोबरच लक्षात ठेवले पाहिजे.

गोऱ्या-काळ्याचा भेद असा परका होता. घरचा भेद त्याहून खोल होता. १९१७ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण, संस्थानातली मोठी जागा, खिशात पैसे. पण गावात उतरायला हिंदू हॉटेल मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव लावून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. तिथला माणूस त्यांचे जेवण वर आणून देई. दाम चोख होते, सेवाही मिळत होती. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेऊन पारशी मंडळींचा जमाव जिना चढून वर आला आणि त्याच दिवशी त्यांना जागा सोडावी लागली. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत पाच तास ते बागेत बसून राहिले. पॅरिसच्या दुकानदारांनी छापील यादी देऊन जी गोष्ट सोपी केली होती, ती इथे दीडशे वर्षांनंतरही साधत नव्हती. खिशातले दाम खरे होते, आणि नाव मात्र खोटे सांगावे लागत होते.

याच्या उलट टोकाची हकिकत कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. पाण्याच्या हौदाला हात लावला एवढ्यासाठी बरोबरच्या नोकरांनी त्यांना चाबकाने झोडपले. महाराज परगावाहून आल्यावर त्यांनी गंगारामांना नोकरी सोडून स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले, आणि भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले. हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम. पण स्पृश्य गिऱ्हाईक पायरी चढेना. मग महाराज स्वतः येऊ लागले. गाडी दाराशी थांबवून गंगारामांच्या हातचा चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत. महाराजांनी घेतला म्हटल्यावर मानकऱ्यांना नाही म्हणता येईना. १९२२ साली महाराज गेले. पुढे कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात गंगारामांचाच पुढाकार होता.

ही हकिकत आपण नेहमी राजाच्या मोठेपणासाठी सांगतो. मला तिच्यातली दुसरी गोष्ट दिसते. महाराजांनी गंगारामांना वाड्यावर बोलावून पंगतीला बसवले असते, तर ते औदार्य ठरले असते. त्यांनी तसे न करता स्वतः गिऱ्हाईक होऊन त्यांच्या दारी जाणे पसंत केले. वाढणाऱ्याचा मान खाणाऱ्याने राखायचा असतो, हे त्यांनी एका कपाने शिकवले.

पुढे हे काम कायद्याने अंगावर घेतले. आमचा उमरगा तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात; १९४८च्या १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झाले आणि १९५०च्या २६ जानेवारीपासून आम्हीही संविधानाच्या छायेत आलो. त्या संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग यांवरून कोणाला तिथे अडवता येणार नाही. १९५५च्या अस्पृश्यता कायद्याने तर सार्वजनिक हॉटेलातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. एवढ्या मोठ्या देशाच्या कायद्यात भांड्यांचा उल्लेख करावा लागला, याचे कारण खेड्यापाड्यांतल्या चहाच्या टपरीवर बाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपबश्या. ज्याने प्यायचा त्यानेच तो कप धुऊन परत तिथेच पालथा घालायचा. गिऱ्हाइकाने पैसे द्यायचे आणि सेवाही स्वतःची स्वतः करायची. कायदा झाला त्या दिवशी ते कप फुटले नाहीत. ते हटवायला माणसांना पुढे कित्येक वर्षे झगडावे लागले.

आज आमच्या गावाजवळून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हॉटेले आहेत, ढाबे आहेत, बस थांबते तिथे कोणी कोणाला जात विचारीत नाही. ही केवढी मिळकत आहे हे तरुण मुलांना सांगूनही कळत नाही, आणि ते कळत नाही हेच बरे आहे. परंतु प्रपंच गेला असे मात्र म्हणवत नाही.

गेल्या वर्षी आम्ही तिघे शिक्षक कामानिमित्त एका मोठ्या शहरी गेलो असता तिथल्या एका नामांकित हॉटेलात जेवायला गेलो. दरवानाने सलाम केला, पण आमच्या पायांकडे पाहून. जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या दाराशी. पदार्थांची यादी इंग्रजीत. आम्ही मराठीत विचारले, उत्तर हिंदीत आले. आमच्या मागून आलेल्या दोन कुटुंबांचे जेवण होऊन ती उठली तेव्हा आमची आमटी आली, ती गार. बिलात सेवाशुल्क म्हणून निराळी रक्कम होती. आम्ही पैसे दिले आणि बाहेर पडलो. गार आमटीचे कोणाला काही वाटले नाही. गार आमटी शिक्षकाला नवी नसते. वाटेत तिघेही बोललो ते जागेविषयी आणि त्या दोन कुटुंबांविषयी. म्हणजे तुपाविषयीच.

अशा वेळी आता दाद मागता येते. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९च्या कायद्याने, ‘सेवेतील त्रुटी’ हा शब्द गिऱ्हाइकाच्या हाती दिला. सेवाशुल्क बिलात परस्पर लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२च्या जुलैत सांगितले, आणि २०२५च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. हे चांगलेच झाले. भारी हॉटेलात जाणारा माणूस दाम मोजतो तो निव्वळ अन्नाचे नव्हे; आपल्याकडे नीट पाहिले जावे याचेही मोजतो. ते न मिळाल्यास त्याने तक्रार करावी, आणि संकोच न करता करावी. छापील किमतीने सर्वांना एका पायरीवर आणले असताना बूट, भाषा किंवा चेहरा पाहून पुन्हा पायऱ्या पाडणे हा जुनाच गुन्हा आहे.

पण तक्रारीचे बोट कोणाकडे वळवायचे, इथे विचार हवा. माझे पुष्कळ विद्यार्थी दहावी झाल्यावर, काही तर त्याआधीच, पुण्याला आणि हैदराबादला हॉटेलांत कामाला लागले. हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २००६च्या १० ऑक्टोबरपासून बंदी आली. तोवर वर्गातल्या रिकाम्या जागेचे उत्तर पुष्कळदा हमरस्त्यावरच्या हॉटेलात मिळत असे. त्यांतलाच एक विद्यार्थी, आता चांगला बाप्या झालेला, गेल्या वर्षी भेटायला आला तेव्हा मी त्याला आमच्या जेवणाची हकिकत सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, “गुरुजी, कोणाला कुठं बसवायचं ते आम्ही ठरवत न्हाई. कोण मोठं बिल करील ते दारातच ओळखायचं, आन् आतली टेबलं त्यांच्यासाठी राखायची, हे आम्हाला शिकवत्यात. चुकलं तर पगार कापत्यात.” मी विचारले, तुम्ही कधी जेवता? “दुपारचं चारला, रातचं एकला. उभ्यानं.”

मला त्या जर्मन कारभाऱ्याची आठवण झाली. जबड्यावर फटका मारणे आता बहुतेक ठिकाणी गेले. पगारावर मारणे आले. ताट उशिरा आले म्हणून आपण ज्याच्यावर ओरडतो, त्याचा त्या उशिरात वाटा बहुधा सर्वांत लहान असतो. पण समोर तोच असतो, आणि उलट बोलण्याची मुभा नसलेलाही तोच. म्हणून तक्रार मालकाकडे करावी, लेखी करावी, कायद्याने करावी. वाढणाऱ्याशी मात्र नीट बोलावे, त्याचे नाव विचारावे, आणि ताट ठेवल्यावर त्याच्याकडे एकदा पाहावे. महाराजांनी भाऊसिंगजी रस्त्यावर जे केले ते करायला राज्य लागत नाही.

दिवाळीच्या चार दिवसांत शहरातली हॉटेले भरून वाहतात, त्यामुळे या मुलांना सुटी मिळत नाही. ती तुळशीचे लग्न लागल्यावर, गर्दी ओसरली म्हणजे, रात्रीच्या गाडीने चौरस्त्यावर उतरतात. त्यांच्या आया तोवर शंकरपाळ्यांचा आणि चकल्यांचा एक डबा बाजूला ठेवून देतात. मुलगा हातपाय धुऊन येतो, पाटावर बसतो, आणि आई त्याला वाढते.